एवढा खांदा होऊ दे

रस्ता काही आता उजाडेपर्यंत उघडत नाही. पुढे दगड टाकून अडवायला बसलेली माणसंसुद्धा डोक्यावरून घोंगड्या ओढून आडवी झालीत. तेव्हा इंजिनं बंद करा, डिझेल उगाच जाळू नका, आणि इकडे या जळत्या टायरच्या धगीला या. अजून जवळ या. इथल्या रात्री पाठ एकदा गार पडली की सकाळपर्यंत गरम होत नाही.

'काका, काहीतरी सांगा' म्हणताय, तर सांगतो. माझ्या गाडीच्या कपाळावर ती लाल-पिवळी अक्षरं आहेत ना, ती ज्या पोरीनं रंगवली, तिच्यावर गुदरलेलं आहे हे. तिनं मला सांगितलं ते दिवसाउजेडी, भर बाजारात, हातात गरम मक्याच्या आपीचा पेला धरून. शेवटपर्यंत तिनं एक घोटही घेतला नाही.

काय रे रामिरो? भूत आहे का म्हणतोस? ते तू ऐकून ठरव. आणि लघवीला जायचं असेल तर आत्ताच जाऊन ये. नंतर तू एकटा जाणार नाहीस.

देल्मिरा चुमासेरो तिचं नाव. आपल्या पोतोसी शहराचीच. बाप खाणीत छाती खराब होऊन गेला, आई त्याच्या मागोमाग. पोरगी पाट्या रंगवून पोट भरायची. गाड्यांची नावं, दातांच्या डॉक्टरांचे दात, हॉटेलांच्या कोंबड्या. हात असा सरळ की रेघ मारताना पट्टी लागायची नाही. पण मनातून तिला वाटायचं, आपण आयुष्यभर कोंबड्याच काढणार का.

तर एकदा ती खालच्या बाजारामागच्या गल्लीत एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होती. शिडी आखूड पडली. दुकानदार म्हणाला, शेजारी कासियानो मास्तरांकडे मोठी शिडी आहे, मागून आण. एवढंच काम होतं बघा. शिडी आणायची.

दार उघडलं ते मास्तरांच्या बहिणीनं, फोर्तुनाताबाईनं. विधवा बाई. भावाच्या घरी राहून त्याचं जेवणखाण बघायची. देल्मिरानं शिडी मागितली, पण बाईचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. ती देल्मिराच्या नखांतल्या रंगाकडे बघत होती.

"रंगाचं काम करतेस?"

"पाट्या रंगवते, मावशी."

"माणसं काढता येतात?"

"कोंबड्या येतात," देल्मिरा हसून म्हणाली. "भाजलेल्या."

बाई हसली नाही. म्हणाली, "आत ये. शिडी कुठं पळून जात नाही."

पुढच्या खोलीत भिंतभर एक जुनं तैलचित्र होतं. स्पेनच्या राजाच्या वेळचं. खांबाला बांधलेला ख्रिस्त. मारणारे दोघं. एकानं हात उगारलाय, दुसरा खाली वाकून फोकांची जुडी बांधतोय. ख्रिस्ताची पाठ आपल्याकडे. चेहरा खांद्यावरून अर्धाच दिसतो. बाकी सगळा अंधार, आणि त्या अंधारातून ती उघडी पाठ तेवढी बाहेर आलेली. हात लावला तर गार लागेल, अशी.

देल्मिरा शिडी विसरली.

"कोण आहे?" आतून आवाज आला. कासियानो उर्किसू मास्तर बाहेर आले. म्हातारा माणूस, पण नखं स्वच्छ, मफलर इस्त्रीचा. इथून सुक्रेपर्यंत कुठल्याही चर्चमध्ये जा, त्यांनी केलेली जुन्या चित्राची एखादी नक्कल तिथं टांगलेली असणारच. जुनं चित्र समोर ठेवून तसंच दुसरं उभं करायचं, हा त्यांचा धंदा आणि तीच त्यांची विद्या.

"शिकायचंय हिला," फोर्तुनाताबाई म्हणाली.

देल्मिरानं असं काही म्हटलंच नव्हतं. तिनं चमकून बाईकडे पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. आणि म्हणाली, "हो."

मास्तर तिच्या कपड्यांवरचे रंगाचे डाग बघत म्हणाले, "पाटीवाली. बरं. हात धुऊन ये."

अशी ती शिकायला लागली. कार्निव्हल नुकताच उरकला होता तेव्हा. दिवसभर पाट्या, संध्याकाळी मास्तरांकडे. पहिले कित्येक दिवस नुसतं कॅनव्हासला अस्तर देणं, जवसाचं तेल गाळणं, ब्रश धुणं. मग एकदाचा कोळसा हातात आला, चित्राचा आराखडा झाला. त्यानंतर तपकिरी रंगात नुसत्या सावल्या.

"आधी अंधार करायचा," मास्तर म्हणायचे. "उजेड मागून येतो. आणि अंधार पातळ, उजेड जाड. उलटं केलंस तर ती पाटी होते. तुला सवय आहे तशी."

मास्तर शिकवायचे ते उत्तम, पण जिभेनं सोलून काढायचे. रोजच्या कामाच्या शेवटी जवळ येऊन उभे राहायचे, मफलर सारखा करायचे, आणि न आवडलेला भाग पातळ सुरीनं खरवडून टाकायचे. अख्ख्या संध्याकाळचं काम. मग सुरी तिच्याच एप्रनला पुसायचे.

मारणाऱ्यांचे हात तिला लवकर जमले. तो उगारलेला दंड, त्या फुगलेल्या शिरा. तिला वाटलं, आज तरी शाबासकी मिळेल.

"मारणारे सगळ्यांनाच जमतात," मास्तर म्हणाले. "मार खाणारा काढून दाखव."

तिथं सगळं अडलं. ती पाठ, आणि त्या पाठीचा उजवा खांदा. मूळ चित्रात तो खांदा गोरा दिसायचा, पण जवळ गेलं की त्यात गोरेपणा कुठंच नसायचा. राखाडी, हिरवट, थोडा जांभळा. आणि एक निळी झाक, जी कुठल्या रंगातून येते ते तिला कळेना. तिनं निळा मिसळून पाहिला. मास्तरांनी खरवडला.

"हा खांदा नाही, सोललेला बटाटा आहे."

पुन्हा काढला. पुन्हा खरवडला.

"हे मेणाचं आहे. यात माणूस कुठाय?"

पुन्हा.

"पोरी, तू कोंबड्यांकडे परत जा. त्यांना तरी कातडी नीट असते."

ती रडत घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. मला म्हणाली, "काका, भूक लागावी तसा मला तो खांदा लागला होता. जेवताना दिसायचा. गाडीत शेजारी कुणी बसलं की मी त्याच्या मानेकडेच बघायची."

एकदा तिनं विचारलंच. "मास्तर, तुम्हाला जमला होता का कधी?"

फोर्तुनाताबाई तेव्हा सूप वाढत होती.

"एकदा जमला. जन्मात एकदाच. ते चित्र आता ला पाझला एका शेठच्या जिन्यात आहे. त्यात निळा रंग नाहीच. तपकिरीवरून पांढरा इतका पातळ ओढायचा की तोच निळा दिसतो. निळा न लावता निळा."

"मग पुन्हा का नाही जमला?"

"तेव्हा खांदा समोर होता," मास्तर म्हणाले.

फोर्तुनाताबाईनं हातातली पळी भांड्यात ठेवली आणि खोलीतून निघून गेली. सूप तसंच राहिलं. मास्तरांनी स्वतः वाढून घेतलं आणि जेवले.

जून उजाडला, ऐन हिवाळा. तुम्हाला जून सांगायला नको. नळातलं पाणी नळातच गोठतं. आणि आली तेवीस जून, सान हुआनची रात्र. वार शुक्रवार. वर्षातली सगळ्यात थंड रात्र म्हणतात, म्हणून तर गल्लोगल्ली शेकोट्या. सरकारनं बंदी घातली काय नि नाही काय, त्या रात्री पोतोसीत कोण ऐकतं. जुनी खुर्ची, मोडका पलंग, जे हाताला लागेल ते आगीत. पावात गरम सॉसेज, बाटलीत सिंगानी, आपली द्राक्षाची दारू.

मास्तरांची एक सवय होती. सान हुआनच्या रात्री ते घरात थांबायचे नाहीत. संध्याकाळीच एका मित्राकडे जायचे ते सकाळी परतायचे. देल्मिराला वाटलं, शेकोटीची हौस असेल म्हाताऱ्याला.

ते गेल्यावर फोर्तुनाताबाई तिला म्हणाली, "आज रात्री थांब."

"इतक्या थंडीत, मावशी?"

"आज खरवडायला कुणी नाही. तुझा कॅनव्हास मी मागच्या खोलीत मांडून ठेवलाय. आज तुला जमेल."

मागच्या खोलीला कायम कुलूप असायचं. देल्मिरानं ती कधी आतून पाहिली नव्हती. आज कुलूप काढलेलं होतं. बाई दारापर्यंत आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर तिनं गरम आपीचा एक पेला ठेवला, त्यावर बशी झाकली, आणि स्वयंपाकघराकडे निघून गेली.

देल्मिराला वाटलं, पेला आपल्यासाठीच. 'नंतर घेऊ' म्हणून ती आत गेली.

मोठी, रिकामी खोली. वर एकच दिवा, तोही एका कोपऱ्यात. मधोमध आढ्याला टेकू दिलेला जाड लाकडी खांब. समोर तिचा ईझल, कॅनव्हास, रंगपाटी. चूल नाही, शेगडी नाही. बाहेरून गल्लीतल्या पोरांचे फटाके ऐकू येत होते.

आणि खांबाला एक मुलगा बांधलेला होता.

थांब रामिरो. मध्ये बोलू नकोस.

पाठमोरा उभा होता. कमरेच्या वर उघडा. हात खांबाभोवती घेऊन मनगटं दोरीनं बांधलेली. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. मान खाली घातलेली. देल्मिरा आधी दचकली, मग तिच्या लक्षात आलं. चित्रासाठी माणूस उभा करतात, हे तिला ठाऊक होतं. मास्तरच म्हणाले नव्हते का, खांदा समोर होता म्हणून. बाईनं पैसे देऊन खाणीतला कुणी पोरगा बोलावला असणार. आपल्यासाठी. तिचं मन भरून आलं.

"कधीपासून उभा आहेस?" तिनं विचारलं.

"बराच वेळ झाला, ताई."

"थंडी वाजते का?"

"वाजते."

"मी लवकर आटपते," ती म्हणाली आणि तिनं ब्रश उचलला.

दिव्याचा उजेड त्याच्या उजव्या खांद्यावर पडला होता. अगदी चित्रातल्यासारखा. ती बघत राहिली. इतके महिने जे शोधत होती ते समोर होतं. कातडीवर काटा. काट्याखाली राखाडी. हाडाजवळ हिरवट. आणि जिथं उजेड संपून सावली लागते, तिथं ती निळी झाक. तिनं पांढऱ्यात तेलाचा थेंब घातला, ब्रश जवळजवळ कोरडा केला, आणि तपकिरीवरून अलगद ओढला.

निळा आला. निळा न लावता.

तिनं दुसरा फटकारा ओढला. तिसरा. खांदा कॅनव्हासमधून वर येऊ लागला.

"ताई," मुलगा म्हणाला. "जरा सोडता का? बोटं कळेनाशी झालीत."

"सोडते हं. एवढा खांदा होऊ दे."

ती काम करत राहिली. स्वतःच्या तोंडातून वाफ निघतेय हे तिला दिसत होतं, कॅनव्हाससमोर ढग येत होता, तो ती हातानं सारत होती. मध्येच तिच्या ध्यानात आलं की त्याच्या तोंडातून वाफ निघत नाहीये. हे तिला दिसलं. मला तिनं शपथेवर सांगितलं, "काका, मला ते दिसलं होतं. आणि मी काय विचार केला माहितेय? बरं झालं, म्हणजे उजेड गढूळ होणार नाही."

बाहेर फटाके कमी झाले. शेकोट्या विझत आल्या असाव्यात. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी चढली.

"ताई…"

"हो. झालंच."

"मला पाय टेकवत नाहीत."

"हलू नकोस ना. रेघ हलते."

तो हलला नाही. खांद्याचा रंग बदलत चालला होता. जांभळा कमी, राखाडी जास्त. तो बदल तिला पकडायचा होता. आता पकडला नाही तर जन्मात पुन्हा नाही. तिनं ब्रश बदलला नाही, नुसता एप्रनला पुसला. आणि पुढं.

"सोडा ना."

"आत्ता सोडते."

"ताई, सोडा…"

"एवढा खांदा…"

मग तो तिच्याशी बोलेनासा झाला. मान वळवायचा प्रयत्न केला त्यानं. जमलं नाही. आणि हळूच, लहान मुलाच्या आवाजात म्हणाला,

"आई."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"आई… मामाला सांग ना…"

देल्मिराचा ब्रश कॅनव्हासवर होता. तिनं ऐकलं. मामा कोण, आई कोण, हे तिला कळलं नाही. पण ही हाक पैसे घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची नाही, एवढं कळलं. आणि तरी हात थांबला नाही. खांद्याच्या टोकावरचा शेवटचा उजेड राहिला होता. ठिपक्याएवढा. जाड. एकच फटकारा.

"आई…"

तिनं तो फटकारा मारला.

बरोबर बसला.

मग शांत झालं. इतकं शांत की दिव्याची गुणगुण ऐकू यायला लागली. तिनं ब्रश खाली ठेवला. खांबाकडे वळली. "चल, सोडते…"

खांबाला कुणी नव्हतं.

दोरी होती. गाठ मारलेली, घट्ट. खांबाभोवती मनगटांच्या मापाचे दोन वेढे. आत हात नव्हते.

मागं पाय वाजले. दारात फोर्तुनाताबाई उभी होती. दोन्ही हातांत उलगडलेली घोंगडी. कुणाच्या तरी अंगावर टाकायला धरावी तशी धरलेली.

"सोडलंस?" तिनं विचारलं.

देल्मिरा त्या रिकाम्या दोरीकडेच बघत होती.

"सोडलंस का ग?"

"मावशी… तो… मी म्हटलं, खांदा झाला की…"

बाईनं घोंगडी हळूहळू घडी केली. उभी, मग आडवी, मग पुन्हा आडवी. मग उंबऱ्यावरच बसली.

"आन्सेल्मो माझा," ती म्हणाली. "एकुलता. सान हुआनचीच रात्र होती. भावाला मोठं काम मिळालं होतं, ला पाझचं. म्हणाला, पोराला उभा करतो, तासाभराचं काम आहे. गारठ्यात कातडीला खरा रंग येतो, शेगडी नको. मी स्वयंपाकघरात आपी ढवळत होते. सगळं ऐकू येत होतं. 'सोड मामा', 'सोड मामा'. भाऊ म्हणत होता, एवढा खांदा होऊ दे. मला वाटलं, चित्र पुरं होईल, पोराचं नाव होईल, मामा त्याला धंद्यात घेईल. मला हाक मारली त्यानं. मी पळी फिरवत होते. थांबवली नाही मी."

"आणि… मास्तर?"

"सकाळी सगळ्यांना सांगितलं, पोरगा शेकोटीवर दारू प्याला आणि रस्त्यात झोपला. मीही तेच सांगितलं. कुठं जाणार होते मी?"

देल्मिरा भिंतीला टेकली.

"दर वर्षी येतो," बाई म्हणाली. "मी आत गेले की नसतो. त्याच्या हाताला हात लागत नाही माझा. हातात ब्रश असलेल्यालाच तो दिसतो. तुझ्याआधीही मी आणले. काहींना दिसला नाही, काही किंचाळत पळाले. तू पळाली नाहीस. तू त्याच्याशी बोललीस. मी बाहेर उभी होते. मला हाक मारली त्यानं, तरी आत पाऊल टाकलं नाही. टाकलं असतं तर तो गेला असता. म्हटलं, ही पोरगी सोडेल. आत्ता सोडेल. आत्ता सोडेल…"

बाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं देल्मिरा म्हणायची. बाईनं उंबऱ्याबाहेरचा गार झालेला पेला उचलला आणि घोंगडी काखेत मारून निघून गेली.

उजाडायच्या सुमाराला मास्तर आले. तोंडाला सिंगानीचा वास. मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं तसे आत आले. देल्मिरा अजून भिंतीशीच बसलेली. त्यांनी खांबाकडे पाहिलं नाही. कॅनव्हाससमोर जाऊन उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले. त्यांनी सुरी काढली नाही. मफलर सारखा केला.

"जमला," ते म्हणाले. "फक्त टोकाला निळा जरा कमी पडलाय. पहाटे अजून चढतो."

आणि झोपायला गेले.

हे मास्तर पुढं गेले ते अंथरुणात, झोपेत, पाद्री उशाशी असताना. मिरवणुकीनं नेलं त्यांना. वाजंत्री होती. मीही गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

देल्मिरानं त्या सकाळी कॅनव्हास उचलला आणि घरी नेला. जाळून का नाही टाकलास, असं मी विचारलं. म्हणाली, "त्याहून चांगलं माझ्या हातून काही होणार नाही, काका." घरी बसून तिनं उरलेलं चित्रही पुरं केलं. चेहरा, केस, दोरी. पण ते चित्र घरात असताना तिला झोप लागेना. पुढच्या सान हुआनला ती मोठी सुरी घेऊन मास्तरांकडे गेली. दोरी कापायची म्हणून. मागच्या खोलीत, हातात ब्रश धरून, रात्रभर खांबासमोर बसली. हाक मारली, माफी मागितली.

कुणी आलं नाही.

सकाळी फोर्तुनाताबाईनं दारातून आत बघितलं. रिकामा खांब बघितला. देल्मिराकडे बघितलं. आणि बाईच्या लक्षात आलं, पोरगा आता खांबाशी राहिलेला नाही.

"चित्र कुठाय?" तिनं विचारलं.

त्यानंतर महिन्याभरातच देल्मिरा माझ्याकडे आली. तोमाकिरी म्हणून खाणीची वस्ती आहे, पार वर. तिथल्या चर्चला ख्रिस्त हवा होता. "फुकट देतेय," म्हणाली, "फक्त लांब न्या." ती स्वतः आली नाही. आजही ती माणूस काढत नाही. अक्षरं काढते, कोंबड्या काढते.

मी गाडीतली मागची बाकं काढली, चित्र उभं ठेवलं, दोऱ्यांनी बांधायला लागलो.

"बांधू नका," मागून कुणीतरी म्हणालं.

फोर्तुनाताबाई. हातात बोचकं. भावाचं घर सोडून निघाली होती. मी म्हटलं, "मावशी, पुढं बसा, मागं हीटर येत नाही." ती म्हणाली, "मी इथंच धरून बसते." आणि चित्राच्या पाठीमागं, गाडीच्या पत्र्यावरच बसली.

रात्र झाली घाटात. बर्फ पडून गेलेलं होतं, काचा आतून गोठत होत्या. एका वळणावर चित्र घसरल्याचा आवाज आला. गाडी थांबवली, टॉर्च घेऊन मागं गेलो. बाई बसल्याजागी डोळे मिटून होती, पोटाशी तो कॅनव्हास धरून. उलटी बाजू तिच्याकडे. चित्र कलंडत होतं, म्हणून मी मागून हात लावला. रंग नसलेल्या बाजूला. नुसतं कोरं, जाडंभरडं कापड. हात पडला तो बरोबर खांद्यामागं, बसलेल्या बाईच्या डोक्याच्याही वर.

माझी बोटं थंडीनं बधिर झाली होती. चौकटीचं लाकूड बर्फासारखं होतं. बाकीचं कापडही.

तेवढी जागा ऊबदार होती.

मी हात काढला नाही. काढता आला नाही.

तळहाताखाली ते कापड थरथरत होतं. कुणीतरी कुडकुडावं, तसं.